हिरव्या खुणेचे सर

चष्मा कपाळावर सरकवायचा, मान न वळवता अंगठा मागच्या भिंतीकडे करायचा आणि म्हणायचं, "हिरवं आहे ना? मग विषय संपला."

मागच्या भिंतीवर टीव्ही होता आणि टीव्हीवर हिरव्या खुणांची रांग. विषय कोणताही असो, तो तिथे संपायचा. ॲप हळू चालतंय? संपला. गिऱ्हाइकाचा फोन आलाय? संपला. एकदा जिन्याखालच्या मीटरमधून धूर येतोय हे सांगायला खालचा टाइल्सवाला धावत वर आला, तर सर त्यालाही अंगठा दाखवून मोकळे झाले. धूर मग त्या बिचाऱ्यानेच रेती टाकून संपवला.

तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच. नसेल तर नीट बघा, कदाचित रजेवर असेल.

आमचं ऑफिस भोपाळला, मिसरोदमध्ये, टाइल्सच्या दुकानावर. माणसं मोजकी. काम एकच, डायलिसिस सेंटरांसाठी ॲप बनवणं. ज्यांच्या किडन्या थकल्या त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा मशीनला जोडून घेऊन रक्त साफ करून घ्यावं लागतं. मशिनी थोड्या, माणसं फार. कोणी कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीला यायचं, हे आता मोबाइलवरून ठरणार होतं. तोवर ते सेंटरच्या काउंटरवर, आरडाओरडा करून ठरायचं.

सर आले ते टेस्ट लिहायला. म्हणजे असं, की ॲपमध्ये काहीही बदललं की कोणीतरी बसून सगळी बटणं पुन्हा दाबून बघावी लागतात. ते काम आमच्याकडे ज्याच्या हातात चहा नसेल त्याच्याकडे यायचं. त्याऐवजी एक प्रोग्रॅम लिहायचा, तो स्वतःच बटणं दाबतो, आलेलं उत्तर अपेक्षेशी ताडून बघतो. जुळलं तर हिरवी खूण, नाही तर लाल. गोष्ट चांगली आहे. चाकू पण चांगला असतो.

पहिल्याच दिवशी सरांनी मालकांकडून टीव्ही मागून घेतला, तो भिंतीवर ठोकून घेतला, आणि पहिली टेस्ट पास झाली तेव्हा नारळ फोडला. पहिली टेस्ट होती, 'लोगो जागेवर आहे का?' लोगो जागेवर होता. खोबरं सगळ्यांना मिळालं.

सर आमच्या नेहरू नगरातलेच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्यांचे आजोबा नि माझे आजोबा, दोघेही राजधानी हलली तेव्हा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आलेले. पण सर मध्ये काही वर्षं पुण्याला नोकरी करून आले होते, आणि परत येताना पुणं बरोबर घेऊन आले होते. "पुण्याला असताना आम्ही" या तीन शब्दांशिवाय त्यांचं वाक्य सुरूच होत नसे. पुण्याला असताना ते टेस्ट आधी लिहीत आणि प्रोग्रॅम नंतर. पुण्याला असताना चहासुद्धा वेळेवर येत असे. इतकं सगळं होतं तर परत का आलात, हे विचारायची हिंमत कोणाची झाली नाही.

आमची भोपाळची मराठी तर त्यांना बोचायचीच. मी म्हणायचे, "सर, मी आत्ताच आली." की चष्मा कपाळावर.

"आले म्हणा, मॅडम. आले."

"हो सर. मी आले, पण फाइल नाही आली."

"ते बरोबर आहे," म्हणायचे, आणि मला शाबासकी दिल्यासारखी मान हलवायचे. फाइलचं काय झालं, हे विचारायचं राहून जायचं. मात्र सर चिडले किंवा घाबरले की त्यांच्या तोंडून 'का' च्या जागी 'काहून' निघायचं, अस्सल नागपुरी. मग पुण्याचा बुरखा सावरता सावरता त्यांचे कान लाल व्हायचे. त्या वेळी आम्ही सगळे आपापल्या पडद्यात तोंड खुपसून बसायचो.

त्यांच्या आईला मी मावशी म्हणायचे. एका रविवारी बिट्टन मार्केटच्या हाटात दोघं भेटली. सर कलिंगडवाल्यापुढे उभे. त्याने कापून ठेवलेल्या फळाची एक लालभडक फोड सरांच्या हातावर ठेवली. सरांनी ती डोळे मिटून खाल्ली, पसंतीची मान हलवली, आणि ढिगातलं दुसरंच एक अख्खं कलिंगड पिशवीत घालून पैसे दिले.

मावशी मला म्हणाल्या, "पाहून घे पोरी. घरी जाऊन कापू तं पांढरं निघते. दर वेळेस निघते. याला दाखवलं तेच खरं वाटते."

"आई, मी चाखून घेतलंय," सर म्हणाले.

"तू त्याचं चाखलं रे. आपलं कोठी चाखलं?"

सरांनी विषय संपवायला अंगठा वर केला, पण हाटात टीव्ही नव्हता.

टेस्ट रोज वाढत होत्या. निळं बटण निळंच आहे का? आहे. नावाच्या रकान्यात नाव लिहिता येतं का? येतं. मी एकदा सांगितलं, "सर, वयाच्या जागी उणे पाच टाकलं तरी ॲप घेतंय."

"उणे पाच वयाचा पेशंट येणार आहे का?"

"नाही. पण चुकून कोणी टाकलं तर?"

"चुकून टाकणाऱ्याने टाकू नये," सर म्हणाले.

कधी चुकून एखादी खूण लाल झालीच, तर सर खुर्ची पुढे ओढायचे. आम्हाला वाटायचं, आता ॲपमधली चूक शोधणार. सर टेस्ट उघडायचे आणि जे उत्तर चुकीचं आलं होतं तेच 'अपेक्षित उत्तर' म्हणून लिहून टाकायचे. लगेच हिरवं. "अपेक्षा वास्तववादी ठेवाव्यात, मॅडम," असं वर मलाच. हा उपदेश मी घरी नवऱ्यावर करून बघितला, तिथेही उपयोग झाला.

आणि मग सरांनी आपली सगळ्यात लाडकी गोष्ट बनवली, खोटा सर्व्हर. खरा सर्व्हर, म्हणजे ज्या कंप्युटरवर सगळ्या बुकिंगा साठतात तो, सुस्त होता, मध्येच रुसायचा. म्हणून टेस्टपुरता एक खोटा लिहितात, जो ठरवून दिलेली उत्तरं झटपट देतो. सगळेच करतात, त्यात गैर काही नाही. पण सरांनी आपल्या सर्व्हरला एकच उत्तर शिकवलं होतं. मंगळवारी मशीन मिळेल का? मिळेल. शुक्रवारी? मिळेल. सेंटर बंद असेल त्या दिवशी? मिळेल. इतका गोड सर्व्हर भोपाळात दुसरा नव्हता. त्याच्याकडे बघून बघून आमच्या ॲपलाही 'नाही' हा शब्द ऐकायची सवय राहिली नाही.

मी मालकांना हे सांगितलं. मालक हिंदीभाषी, गोड माणूस, गोडपणाच्या बाबतीत त्या सर्व्हरचाच भाऊ. म्हणाले, "मॅडम, हरा दिख रहा है ना? शुभ-शुभ बोलिए."

ॲप सुरू झालं. होशंगाबाद रोडवरच्या एका सेंटरने काउंटरवर फुलांची माळ लावली आणि पेशंटांना सांगितलं, आता मोबाइल बघून या.

दुसऱ्याच आठवड्यात एका सकाळी फोन आला. सेंटरच्या काउंटरवर रुखसाना नावाची मुलगी बसायची. आवाज खणखणीत, रोज तिथल्या भांडणांमध्ये तापून निघालेला. मालकांनी फोन स्पीकरवर घेतला आणि तो आवाज सगळ्या ऑफिसभर झाला.

"आपका हरा-हरा अपने पास रखो साहब! मेरे यहाँ एक मशीन खाली है और चार लोग मोबाइल दिखा रहे हैं कि जगह पक्की है. आओ और इनको समझाओ!"

मालकांनी सरांकडे बघितलं. सरांनी टीव्हीकडे बघितलं. टीव्ही गार हिरवा होता.

मालकांनी सरांना आणि मला पाठवलं. सरांच्या स्कूटरवर मागे बसून, लॅपटॉप छातीशी धरून मी गेले. वाटेत सर बोलत होते, "युझरचीच चूक असणार. पुण्याला असताना आम्ही..." पुढचं वाऱ्याने नेलं, त्याचे आभार.

सेंटरच्या बाकावर एक म्हातारे बसले होते. मंडीदीपहून बसने एकटेच आलेले, कारखान्यातून निवृत्त. सगळे त्यांना दादाजी म्हणत. पाय सुजून चपलेत मावत नव्हते, म्हणून चपला शेजारी काढून ठेवल्या होत्या. बोलताना दर दोन शब्दांनी दम घ्यावा लागत होता. हातातल्या मोबाइलवर आमच्या ॲपचा फिकट निळा पडदा, त्यावर ठळक अक्षरांत 'जागा पक्की'. त्यांच्या मशीनवर दुसराच माणूस झोपला होता. त्याच्याही मोबाइलवर हेच.

आता सरांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता. ते दादाजींच्या पुढ्यात उकिडवे बसले, लॅपटॉप उघडला, पडदा त्यांच्याकडे वळवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "देखिए दादाजी, ये आपकी बुकिंग वाला टेस्ट है. पास है. हरा है."

दादाजींनी पडद्याकडे बघितलं. मग सरांकडे. दम गोळा केला.

"तो बेटा," ते म्हणाले, "मशीन पर इसी को लिटा दो."

रुखसाना हसली नाही. बाकावरचं कोणीच हसलं नाही. इतके दिवस सरांची फजिती व्हावी म्हणून टपून बसलेली मी, मलाही हसू आलं नाही. सर तसेच उकिडवे. त्यांनी लॅपटॉप मिटला. मग आजूबाजूला बघून मला हळूच विचारलं, "काहून असं झालं असंल?" 'असेल' सुद्धा पुण्याचं राहिलं नव्हतं, आणि या वेळी त्यांनी काही सावरलं नाही.

काय झालं होतं ते तिथेच काउंटरवर बसून कळलं. खरा सर्व्हर 'जागा नाही' म्हणत होता. पण 'नाही' आलं तर काय करायचं हे ॲपला ठाऊकच नव्हतं. बटण दाबलं की ते उत्तराची वाट न बघता 'जागा पक्की' असं लिहून मोकळं व्हायचं. टेस्टमध्ये हे कधी दिसलं नाही, कारण तिथे 'नाही' म्हणणारं कोणी नव्हतंच.

दुपारपर्यंत दादाजींचा श्वास इतका वाढला की डॉक्टरांनी पाळ्या मोडून त्यांना मशीनवर घेतलं. ज्या बागेश्वरीताईंची पाळी मागे गेली त्यांनी सरांना जे सुनावलं ते छापण्याजोगं नाही. सरांनी ते उभं राहून ऐकून घेतलं. मग रुखसानाच्या शेजारी स्टूल ओढलं आणि त्या आठवड्याच्या एकेका पेशंटाला फोन लावायला घेतला. "नमस्ते. ॲप में जो लिखा है वो मत मानिए. मैं बताता हूँ." स्वतःच्या ॲपबद्दल असं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मी संध्याकाळी ऑफिसला परतले. ते परतले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तो सगळा आठवडा ते त्या स्टुलावरच होते.

ऑफिसात आले ते खुर्चीत बसले आणि खोटा सर्व्हर पुसून टाकला. नव्या टेस्ट खऱ्या सर्व्हरशी बोलणाऱ्या. प्रत्येक टेस्टला नाव द्यावं लागतं, सर पूर्वी इंग्रजीत लांबलचक नावं द्यायचे. आता नावं अशी होती, 'मंडीदीपच्या दादाजींना परत पाठवू नये.' 'बागेश्वरीताईंची पाळी मागे जाऊ नये.' आमच्यातल्या हिंदी पोरांना ती वाचता येत होती, पण उच्चारताना त्यांची जीभ अडखळायची. सर त्यांना मराठी शिकवत बसले नाहीत. मालकांनी विचारलं, ही काय नावं आहेत? सर म्हणाले, "लोक आहेत."

टीव्ही लाल झाला. जवळजवळ सगळा. मग आम्ही एकेक चूक शोधू लागलो, आणि खुणा खरोखरीच्या हिरव्या होऊ लागल्या. उणे पाच वयाचीसुद्धा. तुम्हाला वाटेल, सर आता शहाणे झाले, नम्र झाले. छे. "माझ्यासारखी टेस्ट भोपाळात कोणी लिहीत नाही," हे चालूच होतं. फक्त आता त्यात थोडं तथ्य होतं, त्यामुळे ऐकायला जास्तच त्रास व्हायचा.

एक खूण मात्र हिरवी होईना. दादाजींचीच. दोन माणसांनी अगदी एकाच क्षणी बटण दाबलं, तर खरा सर्व्हर कधीकधी दोघांनाही 'हो' म्हणायचा. तो सर्व्हर मालकांच्या मेहुण्याने बनवला होता. दुरुस्त करायचा तर मुळापासून हलवावा लागणार होता, आणि मेहुणा मुळापासून हलणाऱ्यातला नव्हता.

तेवढ्यात एका मोठ्या इस्पितळाची माणसं ॲप बघायला येणार असं ठरलं. मालक सरांच्या टेबलाशी आले.

"वो एक लाल वाला हटा दीजिए. बस, उनके जाने तक."

"हटाया तो हरा नहीं होगा, सर. सिर्फ दिखेगा नहीं."

"वही तो चाहिए."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. मला वाटलं, आता पुणं येणार. ते मराठीतच म्हणाले, मालकांना कळो न कळो, "काहून काढू? माणूस आहे तो."

मालक गोडच हसले. "तो फिर आप ही हट जाइए."

निरोपाला समोसे होते. सगळ्यांना वाटत होतं, भाषण लांबेल. मी तर पाणी पिऊन घेतलं होतं. सर उभे राहिले, म्हणाले, "समोसे चांगले आहेत," आणि बसले. त्यांची खुर्ची रिकामी झाली त्याच दिवशी मेहुण्याने येऊन ती टेस्ट बंद केली. दोन बटणं दाबावी लागतात फक्त. इस्पितळाची माणसं आली, भिंतभर हिरवं बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या, काम मिळालं, पेढे वाटले गेले. पेढे चांगले होते. सगळ्यांनी खाल्ले.

सर मावशींना घेऊन भावाकडे नागपूरला गेले. नेहरू नगरातल्या घराला कुलूप. तिथून कुठल्याशा कंपनीचं काम घरूनच करतात, एवढंच कानावर आलं.

परवा काही कामासाठी त्या सेंटरला गेले होते. काउंटर तोच, रुखसाना तीच, फुलांच्या माळेची फक्त सुतळी उरलेली. मी विचारलं, "अब तो झगड़ा नहीं होता ना? दो लोग एक ही मशीन पर, वैसा?"

"होता नहीं. होने ही नहीं देते."

"कौन?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेड पांघरते आहे. "आपके साहब. वही, चश्मे वाले. शाम को मैं उनको नाम भेज देती हूँ. जिनसे मोबाइल नहीं सँभलता, उन सबको वही फोन करते हैं. कल आना है, कितने बजे, कौन सी मशीन. दो लोग एक जगह निकल आएँ तो पहले मुझसे लड़ते हैं, फिर ठीक करवाते हैं."

"नागपुर से?"

"जहाँ से भी हों. मरीज़ों को तो लगता है यहीं नौकरी करते हैं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "उनको मत बताना कि मैंने बताया. बहुत शरमाएँगे."

शरमाएँगे? ज्या माणसाने लोगो जागेवर असल्याबद्दल नारळ फोडला, तो?

"और दादाजी को तो मशीन पर भी फोन लगाते हैं," रुखसाना म्हणाली. "अकेले आते हैं ना बेचारे. चार घंटे कौन बात करे? जाइए, देख लीजिए."

काचेच्या दारातून आत दिसत होतं. दादाजी मशीनवर आडवे, एका हातात नळ्या. मोकळा हात पोटावर, पोटावर चादर, चादरीवर मोबाइल, स्पीकर चालू. दार अर्धं उघडं होतं, सरांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. किडनीच्या पेशंटला बटाटा नुसता उकडून चालत नाही, आधी चिरायचा, मग पाण्यात टाकून ठेवायचा, ते पाणी फेकायचं, मग उकडायचा, तेही पाणी फेकायचं, सूनबाईंना नीट सांगा, नाहीतर मलाच द्या फोन, मी सांगतो.

दादाजी झोपले होते. चांगले घोरत होते. मोबाइल बोलत होता, चादर श्वासाबरोबर वर-खाली होत होती, आणि मोबाइलही.